परिचारिकांचा तुटवडा की पदांचा?

देशात परिचारिका अपुऱ्या आहेत, सबब महाविद्यालये वाढवावीत, असे शासन सांगते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,५७० कोटी रुपये खर्चाच्या १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांना मान्यता दिली. त्यांतून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडावेत, अशी अपेक्षा आहे. निर्णय स्वागतार्ह आहे, परंतु अपुरा आहे.

गरज वाढते आहे, याबद्दल दुमत नाही. २०११ च्या जनगणनेतच साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींवर होती. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे केवळ औषधाच्या चिठ्ठीने भागत नाही. त्याला दीर्घकाळ शुश्रूषा लागते.

मात्र परिचर्या केवळ फळ्यासमोर बसून शिकता येत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याचा श्वास मध्यरात्री बदलला, तर ते कसे ओळखावे, हे अनुभवी परिचारिकेच्या शेजारी उभे राहूनच कळते. वॉर्डातील तिचे पदच रिकामे असेल, तर विद्यार्थिनीने कोणाकडून शिकावे? मग शिकायला आलेली मुलगी बिनपगारी कामगार ठरते. आजचे रिक्त पद उद्याच्या परिचारिकेचे शिक्षणही हिरावून घेते.

शिक्षण संपल्यावर अनेकींच्या वाट्याला येते ती कंत्राटी नोकरी किंवा खासगी रुग्णालयातील तुटपुंजा पगार. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानुसार केंद्राने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत शासकीय वेतनाइतके, तर पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणी दरमहा किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस तिने केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. कर्ज काढून शिकलेली मुलगी आखाताची किंवा ब्रिटनची वाट धरते, तेव्हा तिला दोष देणे अन्यायाचे आहे. ‘सेवा’ या शब्दाचा गौरव करून श्रमाचे मोल नाकारणारी व्यवस्थाच तिला घालवते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात : महाविद्यालयाला मान्यता देण्यापूर्वी संलग्न रुग्णालयातील परिचारिकांची पदे कायमस्वरूपी भरावीत, विद्यार्थिनींची गणना मनुष्यबळात करू नये, वेतनविषयक शिफारशींना राज्याने कायद्याचे बळ द्यावे.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कंत्राटी किती, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. ते आकडे गावसभेत वाचून दाखवावेत. लढ्याची सुरुवात तेथूनच होईल.