आपली गोष्ट आपणच छापू या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई. पोळ्या लाटताना तोंड चालते, पण माणसांपुढे उभी राहिले की पाय लटपटतात. त्यावर त्या म्हणाल्या, "संक्रांतीला तुम्ही जे वाण लुटलेत, त्याची हकीकत सांगा. तेवढे पुरे." म्हणून मी उभी राहिले आहे. चुकेल ते पदरात घ्यावे.

ते वाण तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी आहे. प्लास्टिकच्या वाट्या आणि कंगवे यांऐवजी मी यंदा गोष्टींची एक लहानशी पुस्तिका दिली. ४८ पाने, पाच गोष्टी, गोष्टी माझ्याच. काहीजणी हसल्या. एकीने विचारले, "ह्यात कुंकू कुठे ठेवायचे?" मलाही हसू आले. परंतु नंतर जे घडले ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ते सांगण्यापूर्वी एका जुन्या बाईंची ओळख करून देते.

माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिच्या पुस्तकात ताराबाई शिंदे हे नाव मी वाचले, आणि खाली लिहिले होते : जन्म बुलढाणा. आपल्याच जिल्ह्याची बाई! तिचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर खटला झाला. आपल्या नवजात बालकाला मारल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले. तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलली आणि 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. १८८२ साली ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे.

पुढे काय झाले? महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या अंकात तिची बाजू घेतली. इतरांनी मात्र नाके मुरडली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पहिलेही विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापून आणले, तेव्हा आपल्याला ते परत मिळाले. १८८२ आणि १९७५. मी बोटे मोडून हिशेब केला, ९३ वर्षे होतात. पुस्तक छापले म्हणजे काम संपले असे नाही, हे मला त्यावरून कळले. लिहिणारीला वाचणारी भेटली नाही तर ती गप्प होते, आणि तिच्या गप्प होण्यात आपलाही वाटा असतो.

त्यानंतरच्या बायकांनी लिहिले, पण पुष्कळदा पदराआडून. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा गोष्टींचा संग्रह निघाला, तेव्हा त्यावर विभावरी शिरूरकर असे नाव होते. ही विभावरी कोण म्हणून महाराष्ट्रभर तर्क चालले, वादळ उठले. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. शिकल्यासवरलेल्या बाईलाही आपल्या नावाने गोष्ट छापणे अवघड वाटले, मग आपली काय कथा!

गोष्टी लोकांपर्यंत गेल्या त्या अशाच कोणाच्या ना कोणाच्या धाडसाने. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून फराळाबरोबर गोष्टी वाचायची मराठी माणसाला गोडी लागली. १९५४ च्या सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या तरुण मुलांनी 'शब्द' नावाचे अनियतकालिक चक्रमुद्रणावर काढले. मोठ्या मासिकांच्या दारात ताटकळत बसण्यापेक्षा आपले आपण काढावे, हा त्यांचा विचार. आता तर फोनवर प्रतिलिपीसारखी सोय आहे. तेथे कोणीही आपली गोष्ट घालावी आणि कोणीही वाचावी. माझी पहिली गोष्ट मुलीने तेथेच घातली. नागपूरच्या कोणा अनोळखी बाईने खाली लिहिले, "ताई, पुढे लिहा." त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडले.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुम्ही त्यातून जाऊ नये. फोनवरचे कौतुक डोक्यात गेले आणि आपले पुस्तक व्हावे असे वाटू लागले. एका मोठ्या शहरातल्या गृहस्थांनी फोन केला. ते स्वतःला प्रकाशक म्हणवीत. "ताई, तुमच्या लेखणीत जादू आहे, बावीस हजार पाठवा, तीनशे प्रती काढू, सगळ्या महाराष्ट्रात विकू." भिशी माझ्या नावाची लागली होती, ती पाठवली. घरात निम्मेच सांगितले. सहा महिन्यांनी साठ प्रती आल्या. मुखपृष्ठावर माझे आडनाव चुकलेले. बाकीच्या प्रती गोदामात आहेत म्हणाले. ते गोदाम मी अजून पाहिले नाही. आणि ज्या कागदावर मी सही केली होती, त्यात त्या सहा गोष्टींचा हक्क दहा वर्षे त्यांच्याकडे राहील असे बारीक अक्षरात होते. पैसे गेले त्याचे इतके नाही, पण आपल्याच गोष्टी आपल्या राहिल्या नाहीत याचे फार वाईट वाटले. यजमान रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बियाण्याची पिशवी घेताना मागची तारीख वाचतेस, मग हा कागद का वाचला नाहीस?" त्यावर मला उत्तर नव्हते.

वर्षभर मी काही लिहिले नाही. मग एका रात्री सासूबाईंनी मला एक गोष्ट सांगितली. त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच मी हे बोलते आहे.

१९७२ चा दुष्काळ. सासूबाई तेव्हा नव्या सून. आमच्या घरी कणगीत थोडी ज्वारी होती, त्यांच्या माहेरी मात्र काहीच नव्हते. भाऊ खडी फोडायला जात होता, त्याची लेकरे मिलोचे खाऊन कंटाळली होती. सासूबाईंनी कणगीतून पायली पायली ज्वारी काढून तीन वेळा माहेरी पोचवली. चौथ्या वेळी कणगी उतरल्याचे ध्यानात आले. आळ आला सालदाराच्या बायकोवर, कारण शेणपाण्याला तीच घरात येई. भर दुष्काळात त्या दोघांना काढून टाकले. सासूबाई दाराआड उभ्या होत्या, तोंडातून शब्द निघाला नाही. पन्नास वर्षे त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते.

मी ते लिहिले. गावाचे नाव काढले, माणसांची नावे बदलली, ज्वारीचे तांदूळ केले. या खेपेला कोणा गृहस्थाला विचारले नाही. मेहकरला ज्या छापखान्यात आपण लग्नपत्रिका छापतो तेथेच गेले. मुलीने मजकूर टाईप केला. प्रुफे मी तीनदा वाचली. शंभर प्रतींना चार हजार सहाशे रुपये पडले. साठ प्रती वाण म्हणून लुटल्या, उरलेल्या साठ रुपयांना एक अशा ठेवल्या. त्यातल्या चौतीस विकल्या गेल्या, म्हणजे दोन हजार चाळीस रुपये परत आले. वाणाला दरवर्षी खर्च होतोच, तो वजा करा. बुडाले फार नाही.

छापून झाल्यावर मला धडकी भरली. घरची गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून दीर बोलतील, सासूबाईंना तोंड दाखवता येणार नाही. तरी एके दुपारी त्यांना ती गोष्ट वाचून दाखवली. त्यांना वाचता येत नाही. डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माहं नाव काऊन नाही टाकलं वं तुनं? अन् तांदूळ कुठून आले? जवारी व्हती ते."

मी म्हटले, "आत्या, लोक काय म्हणतील?"

त्या म्हणाल्या, "लोकाईनं तिले म्हटलं तवा म्या आयकून घेतलं. आता मले म्हणू दे."

भगिनींनो, मी लिहिताना नटवीत बसले होते आणि ज्यांची गोष्ट होती त्यांना ती सरळ हवी होती. दुसऱ्या दिवशी एक प्रत घेऊन आम्ही दोघी त्या सालदाराच्या मुलीच्या गावी गेलो. तिची आई वारलेली. ती मुलगी म्हणजे आता पन्नाशीची बाई. तिने गोष्ट वाचली, पुस्तिका मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हे आईच्या कानावर पडायले पाहिजे होतं." एवढेच. रागावली नाही, माफ केले असेही म्हणाली नाही. निघताना मात्र तिने आणखी एक प्रत मागून घेतली, भावासाठी. सासूबाई परतीच्या एस. टी. त खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

हा प्रसंग मी अशासाठी सांगितला की ही गोष्ट कोणत्याही मोठ्या प्रकाशकाने छापली असती असे मला वाटत नाही. तिला शंभरच वाचक हवे होते, त्यातली एकच बाई खरी हवी होती. अशा गोष्टी आपल्या प्रत्येकीच्या घरी आहेत. त्या आपणच छापायच्या, नाही तर त्या जातील.

आता ज्यांना लिहायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिणारीचाच असतो, तिच्या हयातीत आणि तिच्यानंतर साठ वर्षे. तो कोणाच्या सहीच्या कागदावर घालवू नका. पुस्तकाला जो आयएसबीएन क्रमांक लागतो तो आपल्या देशात सरकारकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवायची असते; डोणगावची पुस्तिका तेथे जाऊन बसेल, ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची जाहिरात निघेल तेव्हा अर्ज करावा. हे सगळे मला भिशी गेल्यावर कळले.

ज्यांना लिहायचे नाही, त्यांचे काम तर अधिक मोठे. नवी गोष्ट शोधून वाचावी. दिवाळी अंक घरात आला की आपण आधी राशिभविष्य उघडतो. यंदा असे करा, ज्या लेखकाचे नाव कधी ऐकले नाही त्याची गोष्ट आधी वाचा. आवडली तर त्याला पत्र टाका, पत्ता अंकाच्या संपादकांचा चालतो. आपल्या मातीत लेखक होत नाहीत असे मनातून काढून टाका. कवी ना. घ. देशपांडे मेहकरचेच. शेतकऱ्याच्या घरचे दुःख 'बारोमास' कादंबरीत मांडणारे सदानंद देशमुख आपल्याच जिल्ह्याचे. त्यांना २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेही गोष्टी लिहितात.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. ही स्मरणिका आपण दरवर्षी काढतो. जाहिराती आपण गोळा करतो, प्रुफे आपण वाचतो, हिशेब आपण ठेवतो. मग आपण प्रकाशक नाही तर कोण? दर महिन्याच्या बैठकीत आरतीनंतर एका नव्या लेखकाची किंवा आपल्यातल्याच एकीची एक गोष्ट मोठ्याने वाचावी. वाचता न येणाऱ्या आजीबाईंनी सांगावी, कोणी तरी लिहून घ्यावी. वर्षाअखेर त्यातल्या पाचसहा निवडून मंडळाच्या नावाने पुस्तिका काढावी. दरडोई पन्नास रुपये वर्गणी पुरेल. पहिली वर्गणी सासूबाईंनी आज सकाळीच माझ्या हातावर ठेवली आहे, आणि त्यांची एक अट आहे : पुढल्या छपाईत त्यांच्या गोष्टीत ज्वारी लिहायची आणि खाली त्यांचे नाव घालायचे. मी कबूल केले आहे.