वहीतला रिकामा रकाना
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या मदतीचा हिशेब माझ्याकडे असतो. तीन वर्षांपूर्वी बालगृहातून बाहेर पडणाऱ्या एका मुलीला आपण शिलाईयंत्र दिले. वहीत मी लिहिले, 'यंत्र १, दिले.' परवा ती मंडईत भेटली. यंत्राची चौकशी करताच म्हणाली, "काकू, खोलीच्या डिपॉझिटसाठी विकलं. यंत्र ठेवायला आधी खोली नको का?" मला उत्तर सुचेना. तिला काय हवे, हे आम्ही विचारलेच नव्हते.

आपली मुले अठरा वर्षांची झाली म्हणून आपण त्यांना वाऱ्यावर सोडत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही बालगृह सोडणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षणाची सोय आहे. ती एकविसाव्या, आणि खास कारण असल्यास तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. 'मिशन वात्सल्य'मध्ये त्यासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद झाली. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अनाथांसाठी १ टक्का आरक्षण ठेवले. हे सारे हवेच. पण किती दिले, एवढ्यावरून कोण उभे राहिले हे कळत नाही.

आपल्याच पुण्यात जोतिराव व सावित्रीबाईंनी आश्रयाला आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. त्याच्यावर खर्च किती झाला, हे कोणी सांगत नाही. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांच्या सेवेला उभा राहिला, हे सांगतात. खरा हिशेब तो!

म्हणून माझी सूचना अशी. मदत देण्यापूर्वी मुलीची गरज तिलाच विचारावी. मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि तीन वर्षांनी तिची भेट घ्यावी. राहण्याची जागा पक्की आहे का? कमाईत महिना निभतो का? शिक्षण मध्येच सुटले का? आधार, रेशनकार्ड हाती आहे का? रात्री ताप भरला तर हाक मारायला कोण आहे? दिवाळीला ती कोणाकडे जाते? तिची इच्छा नसेल तर मात्र खोदून विचारू नये, आणि तिचे नाव सभेत वाचू नये.

जिचा पत्ता लागणार नाही, तिचे नाव वहीतून गाळू नये. बहुधा तिलाच आपली गरज अधिक असेल.

गेल्या पाच वर्षांत आपण मदत केलेल्या अकरा मुलींची यादी मी आणली आहे. एकेकीने एकेक नाव घ्यावे, एवढी विनंती करून मी खाली बसते.