आधी आपली जाळी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



२५ वर्षांतली एक आठवण सांगा, असं मला सांगण्यात आलं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी पायाभरणी, पाण्याची टाकी, पहिला गणपती अशा मोठ्या आठवणी सांगितल्या. मी सांगणार आहे भांडी घासायच्या मशिनची, म्हणजे डिशवॉशरची. हसू नका. त्यात माझी एक कबुली आहे.

गेल्या वर्षी आमच्या हिचं मनगट मोडलं, तेव्हा मुलानं हे मशिन घेऊन दिलं. १८८६ साली अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी अशा मशिनचं पेटंट घेतलं. जाळीत भांडी मांडायची आणि जोराच्या पाण्यानं धुवायची, ही त्यांची रीत आजही चालू आहे.

श्रावणातला तिसरा सोमवार आला. ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी आमच्याकडे बारा पाहुणे. भगर, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी झाली. मी ताटं न खरवडता तशीच मशिनमध्ये लावली. सकाळी दार उघडतो तर तळाशी काळपट पाणी साचलेलं, वर आंबूस वास.

त्याच संध्याकाळी समितीची बैठक होती. मी तावातावानं म्हणालो, "वरच्या मजल्यावरून भात सोडतात, म्हणून लाइन तुंबते." वरच्या वहिनी समोरच होत्या. काही न बोलता त्या उठून गेल्या.

घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, बँकेत ताळा जुळला नाही, तर दुसऱ्या शाखेला पत्र लिहायच्या आधी तुम्ही आपलं रजिस्टर तपासायचात ना?"

रात्रभर झोप नाही. सकाळी तपासणीला बसलो. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमानं सांगतो.

पहिलं, सिंकमध्ये बादलीभर पाणी ओतलं. सरसर निघून गेलं. मशिनची नळी सिंकच्याच पाइपाला जोडलेली आहे. म्हणजे सोसायटीची लाइन मोकळी होती! ही एक बादली मी बैठकीच्या आधी ओतली असती, तर आज हे भाषण करावं लागलं नसतं.

दुसरं, मशिनचं बटण बंद केलं, प्लगही काढला. वाटीनं आणि फडक्यानं पाणी उपसलं. खालचा कप्पा बाहेर काढला. तळाशी गोल जाळी असते, ती डावीकडे फिरवून उचलली. भगरीची अगदी खळ झालेली, त्यात दाण्याचा कूट आणि जिरं! जुन्या टूथब्रशनं नळाखाली घासली.

तिसरं, मागची नळी पाहिली. मशिन भिंतीला फार रेटलं की ती दुमडते. आमची सरळ होती. ही नळी ओट्याखाली उंच उचलून मगच सिंकच्या पाइपाला जोडतात, नाहीतर सिंकचं घाण पाणी मशिनमध्ये परत येतं.

जाळी बसवून चालू केलं, तर नुसतं घूं घूं, पाणी हलेना. पुन्हा प्लग काढला. जाळीच्या खालच्या खळग्यात, एका झाकणाआड पंपाचा छोटा पंखा असतो. टॉर्च लावून पाहिलं, तर पात्यात लिंबाची बी अडकलेली. चिमट्यानं काढली. तिथं बोट घालू नका, फुटलेल्या काचेचा तुकडा असू शकतो. मग तांब्याभर पाणी ओतून फक्त पाणी काढायचा प्रोग्रॅम लावला. पाणी गेलं! खळग्यात थोडं स्वच्छ पाणी उरतं, तो बिघाड नव्हे. सगळं साफ करूनही पंपाचा आवाजच आला नाही, तर मात्र मेकॅनिकला बोलवावं. विजेशी खेळू नये.

मग जिना चढून वर गेलो. वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, "भाऊजी, बोलायच्या आधी एकदा वर येऊन विचारलं असतंत, तर बरं झालं असतं." एवढंच. तो चहा मला गोड लागला नाही.

आता आमच्याकडे ताट आधी ओल्या कचऱ्यात खरवडलं जातं, दर रविवारी जाळी धुतली जाते. तेल सिंकमध्ये जात नाही. आपण गोदावरीच्या उगमाशी राहतो. आपल्या मोरीतून जाणाऱ्या पाण्याची वाट शेवटी तिच्याकडेच आहे.

पण एक बाकी राहिली होती. आरोप चारचौघांत केला आणि माफी मात्र बंद दाराआड मागितली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर, नावे पडलं एका खात्यात आणि जमा केलं भलत्याच खात्यात. हिशेब जुळत नव्हता. तो आज जुळवतो.

वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, लाइन मोकळी होती. तुंबली होती ती माझी जाळी. सगळ्यांसमोर क्षमा मागतो.

सोसायटीला सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा.