प्रेमाची कादंबरी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला प्रेमाच्या कादंबऱ्यांवर चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले आहे. विषय ऐकताच काहींनी पदर तोंडाला लावला, तो मी पाहिला! परंतु मंडळाच्या कपाटात पाने सर्वांत अधिक मुडपलेली पुस्तके कोणती, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. वर व्रतकथेची पोथी आणि खाली कादंबरी, अशी ती पिशवीतून घरी जातात. हल्ली तर मोबाइलवर वाचता येते, म्हणजे पिशवीचीही गरज उरली नाही. जे सगळ्याच वाचतात, त्याविषयी एकदा उघडपणे बोलावे हे बरे.

कित्येकजणी म्हणतात, हे खूळ शहराकडून आले. मला तसे वाटत नाही. आपल्या गेवराई तालुक्याला लागून गोदावरी वाहते. तिच्याच काठी, वरच्या अंगाला, पैठण आहे. तेच सातवाहनांचे प्रतिष्ठान. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात सुमारे ७०० लहान लहान गाथा आहेत आणि त्यांपैकी बहुतेक खेड्यातल्या प्रेमाच्या आहेत. शेतकऱ्याची सून, परगावी गेलेला नवरा, करडी नजर ठेवणारी सासू, चतुर मैत्रीण, अशी सारी ओळखीची माणसे तिथे भेटतात. शृंगार तर आजच्या कादंबरीलाही लाजवील असा! कितीतरी गाथांत बाईच बोलते आणि आपल्या मनातले स्पष्ट सांगते. कवींच्या नावांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी स्त्रियांची नावेही आढळतात. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली हा ग्रंथ मराठीत आणला.

दुसरा आक्षेप असा की, अशा पुस्तकांनी तरुण मुले बिघडतात. या प्रश्नाचा निकाल एकदा सर्वोच्च न्यायालयात लागलेला आहे, आणि तोही मराठी कथेवरून. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली. एका कवीच्या प्रेमप्रकरणांची ती कथा. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, शिक्षा झाली, आणि प्रकरण थेट दिल्लीपर्यंत गेले. १९६९ साली न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कथा फार वरच्या दर्जाची आहे असे न्यायाधीशांनी मुळीच म्हटले नाही. पण तिच्याने कोणी बिघडेल हेही त्यांना पटले नाही. स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेखही वर्ज्य ठरवला, तर तरुणांच्या हाती धर्मग्रंथांखेरीज काय उरणार, असा त्यांचा आशय होता. गंमत पाहा, त्याच साली याच काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला, आणि तो लोकांना अतिशय आवडला.

मग वाटेल ते वाचावे काय? नाही. माझीही एक कसोटी आहे. चुंबने किती आणि वर्णन किती उघडे, हे मी मोजत नाही. नायिकेला कोणी विचारले काय, आणि तिचा होकार किंवा नकार ऐकून घेतला काय, एवढेच मी पाहते. नायिका 'नाही' म्हणते आणि नायक ते लाजणे समजून तिच्या मागे लागतो. शेवटी तीही विरघळते. अशा कितीतरी कादंबऱ्या आहेत. त्यांत एकही उघडे वर्णन नसले, तरी त्या मला अधिक घातक वाटतात. उलट एखाद्या धीट कादंबरीत नायक थांबतो, विचारतो, उत्तराची वाट पाहतो. ती कादंबरी मी लेकीच्या हाती देईन.

१९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला, तेव्हा केवढे काहूर उठले! शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातली ओढ एका बाईने लिहिली होती. लेखिका मालतीबाई बेडेकर. पण आपले नाव त्यांना अनेक वर्षे झाकून ठेवावे लागले. मुलीलाही इच्छा असते, एवढेच सांगण्याची ही किंमत.

भगिनींनो, हे सारे मी आपल्या बीड जिल्ह्यात उभी राहून बोलते आहे, हे विसरू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९ ते २०२१) आपल्याकडच्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे ४४ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. कायदा आहे, २००६ चा आहे, त्याआधीचेही होते. पण दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघतात, वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी हा घोर असतो, आणि लग्न उरकले जाते. मग नवराबायकोचा एक कोयता होतो, मुकादमाची उचल मिळते. त्या आईबापांना मी दोष देत नाही. त्यांची अडचण खरी आहे. पण या साऱ्या व्यवहारात 'बाई गं, तुझ्या मनात काय आहे?' असे त्या पोरीला कोणी विचारते काय?

म्हणून म्हणते, जिथे हा प्रश्न विचारण्याची रीतच नाही, तिथे तो प्रश्न असलेले पुस्तक चैनीचे कसे? विचारणे म्हणजे काय हे आपल्या पुष्कळजणींना प्रथम कादंबरीतच कळले. कादंबरीने लग्न थांबत नाही, हे मलाही समजते. परंतु आपल्यालाही विचारले जावे, अशी अपेक्षा तरी मनात रुजते. आणि आज ती रुजली, तर उद्या आपल्या लेकीला आपण विचारू.

माझी मंडळाला एवढीच सूचना आहे. महिन्यातून एक दुपार अशी एक कादंबरी घेऊ. एकीने वाचावी, बाकीच्यांनी निवडणेटिपणे करीत ऐकावी. मग हसू या, भांडू या. पण उठण्यापूर्वी प्रत्येकीने सांगावे, नायिकेला विचारले होते का? आणि मोठ्या मुलींनाही त्या दुपारी बसू द्यावे. पोथीखाली लपवून वाचलेल्यापेक्षा आईशेजारी बसून ऐकलेले केव्हाही चांगले.