उद्योजकता रक्तात असते काय?



काही देशांत उद्योजक पुष्कळ आणि काही देशांत थोडे, असे का होते? ‘धंदा रक्तातच असावा लागतो’ हे आपले ठरलेले उत्तर. मला ते पटत नाही. गुजरात-राजस्थानातून आलेला जैन बहुधा व्यापारी, तर दक्षिण महाराष्ट्रातील जैन मुख्यत्वे शेतकरी. तीर्थंकर तेच, णमोकार मंत्र तोच. फरक आहे तो पाठीशी कोण उभे आहे याचा. मारवाडी तरुण परमुलखात उतरला की नातलगाच्या पेढीवर शिकतो आणि पुढे त्याच ओळखीवर त्याला उधारीने माल मिळतो. आपल्या मुलाला दुकान काढायचे तर प्रथम तारण विचारले जाते.

नुसती डोकी मोजूनही भागत नाही. युगांडात स्वतःचा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण जपानपेक्षा कितीतरी अधिक आहे. कारण तेथे पगारी नोकऱ्याच कमी. पोटासाठी मांडलेली टोपली आणि हौसेने काढलेला कारखाना एकाच रकान्यात लिहिता येत नाहीत. अमेरिकेत दिवाळे निघालेल्या माणसाला कर्जमुक्त होऊन पुन्हा आरंभ करण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. आपल्याकडे दिवाळे निघाले की मुलीची सोयरीकही अडते!

एकाच माणसाला दोन राज्यांत काय अनुभव आला, ते आपल्याच जिल्ह्यात पाहता येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे व्यापारी घराण्यातले नव्हेत. लोखंडी नांगराने जमीन नासते, ही त्या काळची समजूत. त्यामुळे त्यांचे सुरुवातीचे नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. त्यातच ब्रिटिश मुलखातील बेळगावात नगरपालिकेने त्यांना जागा सोडावयास लावली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला, शिवाय दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणूस तोच, नांगरही तेच. बदलले ते राज्य.

आपला ट्रस्ट शिष्यवृत्त्या देतो, ते योग्यच आहे. परंतु धंदा काढू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी आपल्याकडे साधा अर्जाचा नमुनाही नाही. सुवर्णमहोत्सवी निधीतील काही रक्कम त्यांच्यासाठी बिनतारण ठेवावी. वर्ष-दोन वर्षे हप्ता मागू नये आणि प्रामाणिक प्रयत्नात पैसा बुडाला तर त्या घराची चर्चा मंदिराच्या पायरीवर होऊ नये. येत्या वार्षिक सभेपुढे हा विषय घ्यावा, अशी विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे.