झाड लावले कोणी, पाणी घालायचे कोणी?

रस्त्याच्या दुभाजकावरील झाडाला पाणी कोणी घालायचे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात गेली जवळजवळ पन्नास वर्षे या प्रश्नाने नगरपरिषदांची पाठ सोडलेली नाही.

जून १९७८ मध्ये तेथील मतदारांनी 'प्रस्ताव १३' मंजूर केला. मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला गेला. ते मूल्यही मालमत्ता विकली जाईपर्यंत वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येईना. वाढत्या घरपट्टीने वृद्ध घरमालक बेजार झाले होते आणि त्यांचा संताप खोटा नव्हता. तथापि त्यांच्या आडून तीच सवलत बड्या कंपन्यांच्या जमिनींनाही मिळाली. नगरांच्या तिजोऱ्या आटल्या आणि नवी वसाहत म्हणजे नवा खर्च, असे समीकरण झाले. साहजिकच नगरपरिषदा दोन मार्गांवर अधिकाधिक विसंबू लागल्या: परवानगी देतानाच विकासकाकडून शुल्क घ्यायचे, आणि निगराणीचा खर्च त्या वसाहतीतील घरांवरच बसवायचा.

पहिला मार्ग न्याय्य आहे. १९६५ च्या क्विम्बी कायद्यानुसार विकासकाकडून दर हजार रहिवाशांमागे ३ ते ५ एकर जमीन उद्यानासाठी, अथवा तिच्याऐवजी पैसे घेता येतात. पण हा पैसा उद्यान उभारण्यापुरता. माळ्याचा पगार आणि पाण्याचे बिल त्यातून भागवता येत नाही. शिवाय २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एल डोराडो काउंटीच्या प्रकरणात कायद्याने सरसकट ठरवलेली शुल्केही घटनात्मक कसोटीतून सुटत नाहीत, असा निर्णय दिल्याने नगरांचा हात आणखी आखडणार.

खरी गुंतागुंत निगराणीची आहे. घरे खपावीत म्हणून विकासक प्रवेशद्वारी कारंजे बसवतो, हिरवळ अंथरतो आणि शेवटचे घर विकले गेले की चालता होतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार! १९७२ च्या कायद्याने अशा हिरवळीसाठी नि पथदिव्यांसाठी वेगळा विभाग आखून तेथील घरांवर वार्षिक पट्टी बसवता येते. १९८२ च्या मेलो-रूस कायद्याने आणखी पुढची पायरी गाठली. प्रस्तावित क्षेत्रात १२ नोंदणीकृत मतदारही नसतील, तर विशेष करावर जमीनमालकांनी एकरी एक मत या हिशेबाने मतदान करायचे. ओसाड माळावर एकटा विकासक मत देतो आणि कर भरणारे अद्याप यायचे असतात. जमिनीला मत नि माणसाला पावती, अशी ही लोकशाही!

पुढे १९९६ च्या 'प्रस्ताव २१८' ने पट्टी वाढवण्यास मालमत्ताधारकांचा कौल आवश्यक केला. पण तेथेही मताचे वजन पट्टीच्या रकमेवर ठरते. भाड्यातून तीच पट्टी सोसणाऱ्या भाडेकरूला बहुधा मतपत्रिका मिळतच नाही. मजुरी आणि पाणी महागले, पट्टी गोठलेली राहिली आणि मालकांनी वाढ नाकारली, की नगरपरिषदेपुढे दोनच पर्याय उरतात. झाडे वाळू द्यायची, किंवा सर्वसाधारण निधीतून, म्हणजे जुन्या वस्तीतील वाचनालयाच्याही पैशातून, ती जगवायची.

जुन्या वस्तीतील मजुराने नव्या वसाहतीच्या कारंज्याचा खर्च का सोसावा, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तोच ताणला, तर ज्याच्या घरी मूल नाही त्याने शाळेचा कर का भरावा, इथवर जाऊन पोहोचतो. म्हणून भेद करावा लागेल. सार्वजनिक रस्त्यावरची सावली कोणाही वाटसरूची आहे. तिचा खर्च सर्वांचा. कारंजे घरांच्या किमती वाढवण्यासाठी. त्याचा भार त्या घरांनी वाहावा, किंबहुना नकाशा मंजूर करतानाच नगरपरिषदेने ते नाकारावे. २०१५ च्या दुष्काळात गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी दुभाजकांवरील शोभेच्या हिरवळीला पिण्याचे पाणी घालण्यास बंदी केली, तेव्हा तिच्यावाचून कोणाचेही अडले नाही.

परंतु सावलीचा खर्च सर्वांनी वाहायचा, तर सर्वांची तिजोरी भरलेली हवी. व्यापारी मालमत्तांवर बाजारभावाने कर बसवू पाहणारा 'प्रस्ताव १५' नोव्हेंबर २०२० मध्ये थोडक्या मतांनी पडला. कंपन्यांच्या जमिनींची सवलत तशीच राहिली आणि झाडांच्या पाण्याचा हिशेब पुन्हा वसाहती-वसाहतींच्या दारात येऊन पडला.