परसदारची भाजी



आषाढातील एखाद्या जोराच्या झडीत आंबेनळी घाटात दरड येते, वरंध घाटाची वाहतूक थांबते आणि पोलादपूर व महाडच्या बाजारात मिरची, टोमॅटो, वांगी यांचे भाव चढू लागतात. या दोन तालुक्यांची पुष्कळशी भाजी घाटावरून खाली उतरते, हे येथील गृहिणीस कोणी सांगावयास नको. नवल असे, की ज्या महिन्यांत बाजारातील टोपल्या रिकाम्या होतात, त्याच महिन्यांत घराभोवतीची जमीन सर्वांत हिरवी असते. टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्यांवर काही आठवडे निघतात. पण चाकरमानी मुंबईस आणि घरी वृद्ध, स्त्रिया व मुले, अशा कुटुंबाच्या ताटात उरलेले वर्ष काय पडावे, हा प्रश्न राहतोच. त्याचे निदान अर्धे उत्तर परसदारी आहे.

परसबागेवर लिहिलेले पुष्कळसे मार्गदर्शन देशावरची जमीन डोळ्यांपुढे ठेवून केलेले असते. त्यात खड्डा खणा, आळे करा, पाणी साठवा, असे सांगितलेले आढळते. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. येथे पावसाळ्यात खड्डा खणला तर त्यात खत होत नाही, डबके होते. आळे केले तर वेलाचे मूळ कुजते. मात्र फाल्गुन उजाडला, की त्याच परसात पाण्याच्या कळशीचा हिशेब ठेवावा लागतो आणि वैशाखात अनेक वाड्या टँकरची वाट पाहतात. म्हणून येथील बागेचा पहिला नियम असा, की पावसाळ्यात उंचवटा आणि उन्हाळ्यात आळे. एकाच जागेला वर्षातून दोनदा आकार द्यावयाचा.

मृगापूर्वी माती व कुजलेले शेणखत यांचे वीतभर उंचीचे ढीग करून त्यांवर पडवळ, दोडकी, कारली, घोसाळी, काकडी यांच्या बिया टोकाव्यात. ढीग पागोळ्यांपासून दूर असावा, कारण पागोळीची धार कोवळे रोप मातीसकट उपटते. मांडव आधी घालावा आणि मग बी पेरावे. वेल जमिनीवर पसरल्यावर मांडवाची आठवण होणे, हा आपल्याकडील जुना दोष आहे. मांडवाखालची सावली वाया जात नाही. तेथे अळू, आले आणि हळद सुखाने वाढतात आणि या तिन्हींना माकडेही कमी शिवतात. माकडे आणि रानडुकरे यांवर रामबाण इलाज या व्याख्यानात नाही, हे प्रांजळपणे सांगितलेले बरे. मोकाट गुरांसाठी मात्र निर्गुडी व गिरिपुष्प यांचे कुंपण चांगले. गुरे निर्गुडीस तोंड लावीत नाहीत आणि गिरिपुष्पाचा छाटलेला पाला जमिनीत लवकर कुजून नत्र देतो.

आता खताविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण खरी संपत्ती तेथेच आहे आणि खरा अपव्ययही तेथेच आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूर येथे काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून खत करण्याची पद्धत बसविली आणि ती पुढे ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. तिच्या मुळाशी या देशातील शेतकऱ्यांचे अनुभव होते, हे हॉवर्ड स्वतः मान्य करीत. त्या पद्धतीतही पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग रचण्यास सांगितले होते. कोकणासाठी तर तोच मार्ग योग्य. घरामागील उंचशा जागी खाली काटक्या, त्यावर वाळला पाला, त्यावर ओला कचरा व शेणाचा पातळ काला, असे थर चढवावेत आणि वर झावळ्यांचे वा पेंढ्याचे छप्पर करावे. पाला शेणापेक्षा पुष्कळ अधिक हवा. ढिगाला घाण वास आला, तर ओलावा जास्त झाला आणि हवा कमी पडली, असे समजावे. ढीग उलथून त्यात वाळला पाला मिसळावा. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब सुटतील, एवढीच ओल योग्य. उकिरडा आणि खताचा ढीग यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो मोठा आहे.

वाळला पाला कोठून आणावयाचा, हा प्रश्न महाड-पोलादपुरात विचारू नये. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत येथे पिढ्यान् पिढ्या आहे. तण मरते, रोप जोमदार येते, हा तिचा लाभ खरा; म्हणून ती एका दिवसात सोडा, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. परंतु होळीनंतर अंगणातला आणि वाटेवरचा पाला केवळ ‘स्वच्छता’ म्हणून पेटविला जातो, त्याचे समर्थन करता येणार नाही. तोच पाला उन्हाळ्यात वांगी-मिरचीच्या बुंध्याभोवती चार बोटे जाड पसरला, तर दोन दिवसांचे पाणी तीन-चार दिवस पुरते. पावसाळ्यात मात्र हे आच्छादन बुंध्यापासून दूर सारावे, नाहीतर गोगलगायींना आयतेच घर मिळते. त्या संध्याकाळी कंदिलाच्या वा विजेरीच्या उजेडात वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ जमिनीवर शिंपडू नये.

चुलीची राख हाही मोठा ठेवा. एवढ्या पावसात मातीतील चुना व पालाश धुऊन जातो आणि माती आंबट होते. राखेने दोन्हींची थोडीबहुत भरपाई होते. मात्र राख ताज्या शेणात कालवू नये, त्याने शेणातील नत्र वायुरूपाने उडून जाते. मोरीचे पाणी केळीला आणि अळूला लावावे. मोरीच्या तोंडाशी वाळू-खडीचा लहानसा खड्डा केला, की साबणाचा चिकटा तेथेच अडतो. कोथिंबीर, मुळा यांसारख्या कच्च्या खाण्याच्या भाजीस हे पाणी देऊ नये.

किडींसाठी निंबोळी अर्काची शिफारस सर्वत्र होते. शंभर लिटर पाण्यास पाच किलो कुटलेली निंबोळी, म्हणजे घरगुती प्रमाण लिटरला पन्नास ग्रॅम. रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारावा. देशावरच्या मानाने कोकणात कडुनिंब कमी, करंज मात्र येथे विपुल. करंजाच्या बियांचाही कीडनाशक म्हणून उपयोग होतो. कारल्या-दोडक्यांना फळमाशी लागते, तिच्यावर फवारणीपेक्षा हाताचे काम अधिक गुणकारी आहे. कोवळ्या फळावर कागदी पिशवी बांधावी आणि किडके फळ कोपऱ्यात न फेकता हातभर खोल पुरावे, कारण त्यातील अळी मातीत कोष करून पुन्हा माशी होते.

डोंगरउतारावरील घरांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगणे अवश्य आहे. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. ती आपत्ती अतिवृष्टीची होती, परसबागांशी तिचा संबंध जोडणे अन्यायाचे ठरेल. तरीही बागेसाठी घरामागचा उतार उभा कापू नये, डोंगराच्या पाण्याचा चर मातीने वा पाल्याने बुजवू नये आणि घराच्या वरच्या अंगास पाणी साठवू नये. जागा कमी असेल, तर बाग कमी करावी.

त्याच दिवसांत सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. भांडीकुंडी, धान्य, कपडे यांचे पंचनामे होऊ शकतात. पण चुलीवरच्या धुरात टांगलेली दुधीची आणि तवशाची बियाणी पुरात गेली, तर त्यांची नोंद कोणत्या कागदावर करावयाची? असे बी बाजारात मिळत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे जपले आणि त्या कार्यासाठी त्यांना 2020 सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. त्यांचे काम सुरू झाले ते घरच्या बियांपासूनच.

बियांसाठी वेलावरील पहिली एक-दोन फळे सोडून पुढचे निरोगी, डौलदार फळ राखावे. ते वेलावरच पुरते जून होऊ द्यावे, बी सावलीत सुकवावे आणि चाळलेल्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे. बाटलीवर भाजीचे नाव आणि महिना लिहावा. आणि वैशाख संपण्यापूर्वी त्यातील अर्धे बी दुसऱ्या वाडीतील लेकीकडे, बहिणीकडे वा शेजारणीच्या माहेरी पोहोचते करावे. नदीकाठच्या घराने ते उंचावरच्या घरी द्यावे आणि डोंगरावरच्या घराने खालच्या गावी.